स्मृतिभ्रंश, शोध आणि रहस्याची रचना : ‘अस्तु’ या मराठी चित्रपटाचे चिकित्सक आकलन

१. प्रस्तावना

भारतीय चित्रपटाच्या प्रेक्षकाला स्मृतिभ्रंश अपरिचित नाही. डोक्याला मार लागतो, पात्र आपला भूतकाळ विसरते, आणि चित्रपट संपण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या आघाताने किंवा उपचाराने स्मृती परत येते, ही कथानकाची रूढ वाट आहे. रहस्यपटाने या वाटेचा विशेष उपयोग करून घेतला. पात्राला जे आठवत नाही ते प्रेक्षकालाही ठाऊक नसते. त्यामुळे विस्मृती ही माहिती लपवून ठेवण्याची सोयीची युक्ती ठरते. स्मृती परत आली की रहस्य उलगडते आणि चित्रपट संपतो.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ (२०१३) हा रूढ अर्थाने रहस्यपट नव्हे. तथापि त्याच्या कथानकाचा सांगाडा रहस्यपटाचा आहे. एक माणूस हरवतो, त्याचा शोध सुरू होतो, वेळ निघून जात असतो, आणि हरवलेला माणूस स्वतःचे नाव-गाव सांगू शकत नाही. चित्रपट पाहण्यापूर्वी प्रेक्षकाच्या अपेक्षा मात्र माफकच असतात. याच दिग्दर्शकद्वयाने ‘देवराई’ (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया हा विषय हाताळला होता. ‘अस्तु’चे एक निर्माते व प्रमुख अभिनेते डॉ. मोहन आगाशे हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत. साहजिकच हा अल्झायमर या आजाराविषयी माहिती देणारा, हेतूने चांगला परंतु कलादृष्ट्या बेताचा प्रबोधनपट असेल, असा समज होतो. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुमित्रा भावे यांना संवादलेखनासाठी व अमृता सुभाष यांना सहाय्यक अभिनेत्री म्हणून गौरविण्यात आले. तरीही चित्रपटगृहांत नियमित प्रदर्शनासाठी या चित्रपटाला २०१६ पर्यंत थांबावे लागले. वितरकांचा समजही फारसा निराळा नसावा, असे यावरून वाटते. हा समज चित्रपट कोणत्या बळावर खोटा ठरवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. उद्दिष्टे

(अ) भारतीय रहस्यपटांतील व तत्सम चित्रपटांतील स्मृतिभ्रंशाच्या उपयोजनाचे स्वरूप पाहणे.
(आ) ‘अस्तु’मध्ये शोधाच्या रचनेला प्राप्त झालेला नवा अर्थ तपासणे.
(इ) ज्ञान, स्मृती व व्यक्तित्व यांच्या परस्परसंबंधाविषयी हा चित्रपट उपस्थित करीत असलेल्या प्रश्नांचा खान्देशातील ज्ञानपरंपरेच्या संदर्भात विचार करणे.
(ई) चित्रपटाच्या मर्यादांची नोंद घेणे.

३. रहस्यपटातील स्मृती : नोंद म्हणजे माणूस

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘मेमेंटो’ (२०००) या चित्रपटाने स्मृतिभ्रंशाच्या रहस्यपटाला नवे व्याकरण दिले. त्याच्या नायकाला जुने आठवते, परंतु नवे काही स्मरणात राहत नाही. छायाचित्रे, चिठ्ठ्या आणि अंगावर गोंदवलेली वाक्ये यांच्या आधाराने तो पत्नीच्या मारेकऱ्याचा शोध घेतो. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने आणि कृष्णधवल प्रसंग सुलट्या क्रमाने मांडून नोलन प्रेक्षकालाही त्याच विस्मृतीत ढकलतात. ए. आर. मुरुगदास यांनी या कल्पनेचा आधार घेऊन तमिळमध्ये (२००५) आणि हिंदीत (२००८) ‘गजनी’ केला. हिंदी ‘गजनी’त नायकाची स्मृती पंधरा मिनिटांची आहे. येथे ‘मेमेंटो’तील संशयाची जागा सूडाने घेतली आणि गोंदण हे शरीरसौष्ठवाच्या प्रदर्शनाचे निमित्त झाले.

या चित्रपटांमागे एक गृहीतक आहे. माणूस म्हणजे त्याच्याविषयीच्या नोंदींची बेरीज. नोंद टिकली तर माणूस टिकतो. नोंद खोटी असू शकते, ही शंका ‘मेमेंटो’ घेतो आणि म्हणून तो श्रेष्ठ ठरतो. परंतु नोंदीच्या पलीकडे माणसाचे काही उरते काय, हा प्रश्न त्याच्याही कक्षेत येत नाही.

वैद्यकशास्त्राचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९५३ साली मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाची नवी स्मृती साठविण्याची क्षमता नष्ट झाली. तथापि आरशात पाहून आकृती गिरवण्यासारखे कौशल्य तो सरावाने शिकत गेला. हे आपण पूर्वी केले आहे याची आठवण मात्र त्याला नसे. म्हणजे डोक्याने विसरलेले हाताने लक्षात ठेवले. रहस्यपटाने या विकाराचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

हिंदीतील दोन गंभीर चित्रपटांची तुलनाही आवश्यक ठरते. ‘सदमा’ (१९८३) मध्ये अपघाताने बालवयात परत गेलेली तरुणी बरी होते आणि जपणाऱ्या माणसालाच विसरते. जानू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ (२००५) मध्ये निवृत्त हिंदी प्राध्यापकाच्या स्मृतिनाशामागे बालपणीच्या एका घटनेतून आलेला अपराधभाव आहे, आणि लुटुपुटीच्या न्यायालयात त्याची निर्दोष मुक्तता करून कथानकाची गाठ सोडवली जाते. विषय मोठा असूनही रचना रहस्यपटाची राहते. विस्मृतीच्या तळाशी एखादे गुपित असलेच पाहिजे, ही अपेक्षा तेथे पूर्ण केली जाते.

४. ‘अस्तु’ची रचना : गुपित नसलेले रहस्य

‘अस्तु’मधील डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे नामवंत अभ्यासक आहेत. निवृत्तीनंतर त्यांना अल्झायमरने ग्रासले आहे. थोरली मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना मोटारीत बसवून कामासाठी उतरते. रस्त्याने जाणारा हत्ती पाहून शास्त्री लहान मुलासारखे हरखतात, मोटारीतून बाहेर पडतात आणि हत्तीमागे चालू लागतात. पुढे हत्तीवाला अंता आणि त्याची पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) यांच्या बिऱ्हाडाशी ते येऊन पोहोचतात. दुसरीकडे इरा, तिचा पती (मिलिंद सोमण) व धाकटी मुलगी राही (देविका दफ्तरदार) यांची धावपळ सुरू होते. शोधाच्या ओघात गतकाळातील प्रसंग येत राहतात.

शोधकथेची सर्व सामग्री येथे आहे. प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. परंतु दिग्दर्शकांनी एक महत्त्वाची गोष्ट केली आहे. शास्त्री कोठे आहेत हे कुटुंबाला माहीत नसले तरी प्रेक्षकाला माहीत असते. म्हणजे रहस्यपटाचे मुख्य भांडवल, दडवलेली माहिती, चित्रपट आरंभीच खर्च करून टाकतो. ‘ते कोठे आहेत?’ या प्रश्नातील ताण ओसरला की ‘ते कोण आहेत?’ हा प्रश्न पुढे येतो, आणि पाठोपाठ ‘ते कोणाचे आहेत?’ हाही.

गतकाळातील प्रसंगांचे कार्यही बदललेले आहे. रूढ रहस्यपटात गतकाळ वर्तमानाचे स्पष्टीकरण देतो. ‘अस्तु’त तो काहीच स्पष्ट करीत नाही. विद्वान, स्वाभिमानी, मुलींवर जीव लावणारे शास्त्री एकदा दिसतात आणि पुढच्याच प्रसंगात तेच शास्त्री एका परक्या स्त्रीसमोर भुकेल्या मुलासारखे बसलेले दिसतात. दोहोंमध्ये कार्यकारणाचा धागा नाही. कोणाचे पाप, कोणाचा शाप, कोणते गुपित, असे काही हाती लागत नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले तेव्हापासून वैद्यकशास्त्राने पुष्कळ प्रगती केली. पण रुग्णाच्या घरच्यांचा ‘असे का झाले?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. हे अनुत्तरित राहणे चित्रपटाने प्रामाणिकपणे स्वीकारले आहे, आणि प्रबोधनपटाची चौकट तो येथेच ओलांडतो.

डॉ. आगाशे यांच्या अभिनयाने या रचनेला आधार दिला आहे. रुग्णाची दया यावी असा प्रयत्न त्यांनी कोठेही केलेला नाही. शास्त्रींच्या चेहऱ्यावर कधी भीती, कधी हट्ट, तर कधी निखळ कुतूहल दिसते. हत्तीकडे पाहतानाचा आनंद हा आजाराचे लक्षण म्हणून येत नाही, आनंद म्हणूनच येतो. विस्मृतीत काही गमावले जाते तसे ओझेही उतरते, ही अवघड गोष्ट अभिनयातून सुचवली जाते.

५. विद्वत्ता आणि विस्मृती : खान्देशच्या संदर्भात

चित्रपटाचा नायक संस्कृत पंडित असणे सहेतुक आहे. ‘स्मृती’ या शब्दाला भारतीय परंपरेत दुहेरी अर्थ आहे. ती व्यक्तीची आठवण आहे, तशीच समाजाच्या धर्मनियमांचा ग्रंथही आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून आरंभ होणाऱ्या अधःपतनाच्या मालिकेत स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश व त्यातून सर्वनाश असा क्रम सांगितला आहे. ज्याने हा क्रम आयुष्यभर शिकवला असेल त्याच्याच बाबतीत तो देहाच्या पातळीवर घडतो. मात्र चित्रपट शेवटची पायरी नाकारतो. बुद्धी गेली म्हणून माणूस संपला, असे तो मानीत नाही.

जळगाव-धुळे परिसरातील अध्यापकाला या ठिकाणी स्मृतीची दोन स्थानिक रूपे आठवल्यावाचून राहत नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करणाऱ्या या संशोधकाची स्मृती कागदांत उतरली आणि कागदांच्या रूपाने माणसामागे राहिली. दुसरे रूप आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करताना सुचलेली गाणी मुखात राहिली; त्यांतील काही सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवली म्हणून १९५१ मधील त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपात आली. एका परंपरेत स्मृती दप्तरात राहते, तर दुसरीत जिभेवर आणि हातांत.

‘अस्तु’मध्ये या दोन परंपरा समोरासमोर येतात. शास्त्रींचे ज्ञान ग्रंथांत सुरक्षित आहे, पण ते ज्ञान आता त्यांना ओळखत नाही आणि तेही त्याला ओळखत नाहीत. चन्नम्मेजवळ ग्रंथ नाही. मराठी ही तिची मातृभाषाही नाही. भुकेल्याला भरवावे, घाबरलेल्याला जवळ घ्यावे, हे तिला कोणी शिकवलेले नाही. ते तिच्या हातांत आहे. शास्त्री तिला आई समजू लागतात. अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने दीर्घकाळ टिकते, हा अल्झायमरचा सर्वसाधारण क्रम असल्याने वैद्यकीय दृष्ट्या हे सुसंगत आहे. बालपणी पाठ केलेला श्लोक टिकतो, तशी आईची गरजही टिकते. कलेच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक खोल आहे. ग्रंथनिष्ठ स्मृती जेथे थकते तेथे देहनिष्ठ स्मृती माणसाला सांभाळते.

अध्यापकवर्गासाठी हा प्रश्न परका नाही. ज्याची ओळख त्याने वाचलेल्या-शिकवलेल्या विषयाशी एकरूप झालेली असते त्याच्यापासून विषय निघून गेल्यावर मागे कोण उरतो? पदवी, प्रबंध, प्रकाशने यांच्या नोंदी कार्यालयात सुरक्षित राहतील; पण त्या नोंदी म्हणजे तो माणूस नव्हे. ‘गजनी’चे गृहीतक येथे अध्यापकाच्याच उंबरठ्यावर येऊन मोडते.

६. भाषा, कायदा आणि जबाबदारी

मराठीत या अवस्थेसाठी ‘म्हातारचळ’ हा शब्द आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ आहे. दोहोंत आजार हा वयाचा स्वभाव मानला जातो आणि म्हातारा चेष्टेचा विषय होतो. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडला गेला. मुले पुणे, मुंबई, सुरत येथे आणि आईवडील गावी, ही स्थिती खान्देशातील अनेक कुटुंबांची आहे. अशा वेळी म्हणीआड दडलेला आजार ओळखला न जाणे ही गंभीर बाब ठरते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २४ नुसार, ज्येष्ठ नागरिकाची देखभाल करण्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने त्याला पूर्णतः टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा हेतू पाहतो. इराचा हेतू वडिलांना टाकण्याचा नाही. काही क्षणांचे काम उरकण्याचा आहे. मात्र त्या क्षणापूर्वी किती दिवसांचा थकवा, चिडचिड आणि अपराधभाव साचलेला आहे, हे चित्रपट दाखवतो. आपण त्यांना सोडले की ते सुटले, या प्रश्नाचे उत्तर तिलाही देता येत नाही. कायद्याच्या कलमात न बसणारी ही जागा म्हणजेच ‘अस्तु’चे खरे घटनास्थळ होय. रहस्यपटात अपराधी शोधावयाचा असतो. येथे अपराधी कोणी नाही आणि अपराधभाव मात्र सर्वांचा आहे.

७. मर्यादा

चित्रपटाच्या गुणांसोबत त्याच्या एका मर्यादेचा विचार करणे आवश्यक आहे. चन्नम्मा गरीब, भटके जीवन जगणारी आणि अशिक्षित आहे. तिचे मातृत्व जणू निसर्गदत्त आहे असे अनेकदा सूचित होते. सुशिक्षित मध्यमवर्गाने थकावे आणि कष्टकरी स्त्रीने निर्व्याज मायेने त्याला शहाणे करावे, ही मांडणी मराठी साहित्य-चित्रपटाला नवी नाही. तिच्या श्रमाचे मोल कोणी करीत नाही. इराला जी शुश्रूषा ओझे वाटते ती चन्नम्मेला सहज वाटते, याचे कारण चन्नम्मेला ती काही तासच करावयाची आहे, ही साधी गोष्ट भावनेच्या ओघात मागे पडते. शुश्रूषेचा भार चित्रपटातही मुख्यतः स्त्रियांवरच राहतो, हेही नोंदवले पाहिजे.

या आक्षेपाला चित्रपटातूनच अंशतः उत्तर मिळते. अंता हा व्यवहारी माणूस आहे. अनोळखी म्हाताऱ्याला ठेवून घेतले तर उद्या आळ कोणावर येईल, ही त्याची धास्ती रास्त आहे. त्याच्या नाराजीमुळे चन्नम्मेच्या मायेला किंमत मोजावी लागते आणि ती केवळ प्रतीक होण्यापासून बरीचशी वाचते. अमृता सुभाष यांनी भूमिकेत आणलेला धसमुसळा, हसरा व थोडा हट्टी स्वभावही तिला देवत्वापासून दूर ठेवतो. तथापि ‘ज्ञान विरुद्ध माया’ असा सोपा पक्ष प्रेक्षकाने घेऊ नये, यासाठी चित्रपटाने अधिक दक्षता घ्यावयास हवी होती.

८. समारोप व निष्कर्ष

‘अस्तु’ हे संस्कृतमधील ‘अस्’ धातूचे आज्ञार्थी, तृतीय पुरुषी, एकवचनी रूप आहे. ‘असो’ किंवा ‘तसे होवो’ असा त्याचा अर्थ. मराठीत ‘असो’ म्हणून विषय झटकता येतो, आणि ‘तथास्तु’ म्हणून वर देता येतो. चित्रपटाच्या शीर्षकात या दोन्ही छटा आहेत, परंतु तिसरीही आहे. त्यात ‘मी’ नाही. करणारा, जाणणारा, आठवणारा ‘मी’ वगळूनही ‘असणे’ शिल्लक राहते, आणि त्या असण्याला मान्यता द्यावी, असे हा एक शब्द सांगतो.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) रूढ रहस्यपटात स्मृतिभ्रंश हे माहिती दडवण्याचे साधन असते. ‘अस्तु’ ती माहिती प्रेक्षकाला देऊन टाकतो आणि शोधाची रचना नैतिक प्रश्नासाठी वापरतो.
(२) विस्मृतीच्या मुळाशी गुपित असण्याची अपेक्षा नाकारल्यामुळे हा चित्रपट आजारावरील प्रबोधनपट व भावपट या दोहोंच्या मर्यादा ओलांडतो.
(३) ग्रंथनिष्ठ व देहनिष्ठ स्मृतीचा त्यातील संघर्ष खान्देशातील राजवाडे व बहिणाबाई यांच्या वारशाच्या प्रकाशात अधिक अर्थपूर्ण ठरतो.
(४) कष्टकरी स्त्रीच्या मायेचे आदर्शीकरण ही चित्रपटाची मर्यादा असून शुश्रूषेच्या श्रमाचा प्रश्न त्यात पुरेसा विकसित होत नाही.

मराठी, समाजशास्त्र, मानसशास्त्र व विधी या विषयांच्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट एकत्र बसवून दाखवणे उपयुक्त ठरेल. त्यानंतर चर्चेसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : घरातील ज्या माणसाला आपले नाव आठवत नाही, त्याचे नाव आपण किती दिवस लक्षात ठेवू? या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळत नाही. ते ज्याच्या-त्याच्या घरी, दररोज नव्याने द्यावे लागते.